'मरायला नेऊन टाकायचं का?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही 'एक मुलगा' एवढीच सही केली आहे. हॉस्पिसवरच्या, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात दुखणं आणि त्रास कमी करत काळजी घेणाऱ्या केंद्रांवरच्या, माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया सणसणीत आहे आणि ती तिथेच राहील. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की हॉस्पिस म्हणजे आईवडिलांना मरायला नेऊन टाकणं. तिथे मॉर्फिन हे जबर वेदनाशामक देऊन माणसाला गुंगीत ठेवतात आणि लवकर संपवतात. खाणंपिणं, सलाईन तोडतात. आणि हे सगळं पाश्चात्त्य खूळ आहे. "आम्ही वडिलांना शेवटपर्यंत आयसीयूत ठेवलं, कुठेही कमी पडलो नाही," असंही तुम्ही लिहिलंय. शेवटच्या दोन ओळींत खरं कारण आलंय: आईच्या आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरलाय, आणि डॉक्टर म्हणाले, "पॅलिएटिव्हवाल्यांना एकदा भेटून घ्या." (पॅलिएटिव्ह म्हणजे आजाराचं दुखणं आणि त्रास कमी करणारी सेवा.)

वडिलांच्या बाबतीत तुम्ही कमी पडलात असं माझ्या लेखात कुठे नाही, आणि मी म्हणणारही नाही. समोर जे ठेवलं गेलं त्यातूनच माणूस निवडतो. मी या कामात समाजसेविका म्हणून वावरते, आणि रोज बघते की नातेवाइकांपुढे बहुतेक वेळा दोनच वाटा ठेवल्या जातात. एक आयसीयू. दुसरी 'डामा'. दवाखान्याच्या पायऱ्यांवर रात्री काढलेल्यांना हा शब्द पाठ असतो: डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध पेशंट घरी नेतोय, पुढची जबाबदारी आमची, असं लिहून सही करायची. पैसे संपले की लोक डामा घेतात. घरी येताना हातात फाइल, बिलं आणि साध्या दुखण्याच्या गोळ्यांची एक पट्टी. रात्री दोनला दुखणं उसळलं तर फोन कोणाला करायचा? सही केल्यावर त्या दवाखान्याशी तुमचा संबंधच संपलेला असतो. टाकून देणं म्हणायचं तर मी याला म्हणेन.

हॉस्पिस किंवा घरी येणारी पॅलिएटिव्ह टीम ही तिसरी वाट. मुंबईत बांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस. गोव्यात लोटलीलाही त्यांचं केंद्र आहे. पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून चालतं. या दोन्ही संस्थांत कॅन्सरच्या रुग्णांकडून पैसे घेत नाहीत. वारज्याला रुग्णासोबत घरचं माणूस राहतं आणि नर्स त्यालाच शिकवतात: कूस कशी बदलायची, जखम कशी धुवायची, पोटावरची कोलोस्टॉमीची, म्हणजे शौचाची, पिशवी कशी बदलायची. हे शिकवतात, कारण दुखणं आटोक्यात आलं की बरेच जण तिथून घरी परत जातात. 'नेऊन टाकलं'मध्ये हे बसत नाही.

पाश्चात्त्य खुळाबद्दल फार लिहीत नाही. आधुनिक हॉस्पिस १९६७ मध्ये लंडनला सुरू झालं हे खरंच आहे. सीटी स्कॅनही पहिल्यांदा लंडनमध्येच झाला, १९७१ मध्ये, आणि त्याला कोणी खूळ म्हटल्याचं ऐकलं नाही. अमेरिकेत सरकारी विम्यातून हॉस्पिस घ्यायचं तर आयुष्य सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही असं डॉक्टरांना लिहून द्यावं लागतं. आपल्याकडे अशी अट नाही. तिकडच्या नातेवाइकांचं ऐकून हा गोंधळ होतो.

आता मॉर्फिन. तुमची भीती एकट्या तुमची नाही. आमच्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या घरात कोणीतरी मावशी किंवा मामा म्हणतातच, "मॉर्फिन सुरू केलं म्हणजे आता दोन दिवस." याचं एक कारण कायद्यात आहे. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने मॉर्फिनला इतके परवाने लावले की बहुतेक दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. मधल्या काळात डॉक्टरांची अख्खी पिढी मॉर्फिनची गोळी हातात न धरता शिकून बाहेर पडली. जिथे मिळायचं तिथे अगदी अखेरीला मिळायचं, म्हणून लोकांच्या डोक्यात मॉर्फिन आणि मरण यांची गाठ बसली.

प्रत्यक्षात बहुतेकदा ती एक छोटी गोळी असते. लहान डोसपासून सुरुवात करून दर चार तासांनी देतात, आणि रात्री झोपताना दुप्पट डोस, म्हणजे पहाटे उठवावं लागत नाही. पहिले काही दिवस पेंग येते, थोडी मळमळ होते. मग बहुतेकांची जाते. बद्धकोष्ठ मात्र जात नाही, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत द्यायचं. ते कोणी लिहून दिलं नसेल तर मागून घ्या, हे मी प्रत्येक घरात सांगते. आतड्याच्या आजारात तर आधी डॉक्टरांना विचारूनच, कारण आतडं अडलं असेल तर औषध बदलतं. कॅन्सरच्या दुखण्यासाठी असं मोजून घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणं क्वचितच घडतं. आणि रात्रभर तळमळून दिवसा ग्लानीत पडलेला माणूस दुखणं थांबल्यावर गाढ झोपतो, तेव्हा घरच्यांना वाटतं की औषधाने गुंगवलं. किती रात्रींची झोप बाकी होती, हे त्या वेळी कोणी मोजत नाही.

लवकर संपवण्याचं म्हणाल, तर बोस्टनला फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर झालेला आणि २०१० मध्ये छापून आलेला अभ्यास सांगते. नेहमीच्या उपचारांसोबत ज्यांना सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह सेवा मिळाली, ते शेवटी कमी आक्रमक उपचार घेऊनही सुमारे पावणेतीन महिने जास्त जगले. प्रत्येक कॅन्सरला हे लागू होईल असं मी म्हणत नाही. पण 'लवकर संपवतात'च्या अगदी उलट आहे, एवढं नक्की. आणि इंजेक्शन देऊन मरण आणणं आपल्या कायद्यात गुन्हाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जे मान्य केलं आणि २०२३ मध्ये सोपं केलं, ते वेगळं: बरं होण्याची आशा संपल्यावर कृत्रिम उपचार थांबवावेत असं माणूस शुद्धीत असताना, दोन साक्षीदारांसमोर, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडे लिहून ठेवू शकतो. तुमच्या आईला डॉक्टरांनी जे सुचवलंय त्यासाठी हे कागद लागत नाहीत.

खाण्यापिण्याचा मुद्दा सगळ्यात नाजूक, कारण आपल्याकडे जेवू घालणं हीच माया असते. "निदान सलाईन तरी लावा" हे वाक्य मी किती घरांत ऐकलंय! पण शेवटच्या दिवसांत शरीर अन्न वापरेनासं होतं. बळेच भरवलं तर ठसका लागून घास फुफ्फुसात जातो. सलाईनचं पाणी पायांवर सुजेत आणि छातीत घरघरीत उतरतं. कोरड पडते ती तोंडाला, आणि तोंडाची कोरड सलाईनने जात नाही.

साताऱ्याकडचे एक आजोबा होते, जिभेचा कॅन्सर, गिळणं बंद. त्यांनी खुणेने मागितलं काय, तर चहा. सून घाबरली. नर्सने बशीत चहा गार केला, गॉजची पट्टी बोटाला गुंडाळून त्यात बुडवली, पिळली, आणि ओठांच्या आतून, हिरड्यांवरून फिरवली. आजोबांनी डोळे मिटले. मग त्यांनी बशीकडे बोट दाखवून तोंड वाकडं केलं. साखर कमी होती. सुनेने चमचाभर घातली आणि पुढचे सगळे दिवस तीच ते करत राहिली. आम्ही काही 'तोडत' नाही, सांगायचंय ते एवढंच. मागितलं ते, जमेल तितकं, जमेल त्या रीतीने द्यायचं.

तुम्ही आणखी एक लिहिलंय: "आईला अजून काही सांगितलेलं नाही, तिथे नेलं तर कळेल आणि खचेल." कळलेलं असतं हो. तीन-तीन स्कॅन झालेल्या, वजन उतरलेल्या बाईला वाटतंय की ॲसिडिटी आहे, असं तुम्हाला खरंच वाटतं? बहुतेक घरांत ती तुमच्यासाठी गप्प असते आणि तुम्ही तिच्यासाठी. आम्ही धडाधड काही सांगत नाही. आधी विचारतो, "तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय वाटतं? किती जाणून घ्यायचंय?" काही जणी म्हणतात, "मुलाला सांगा, मला नको." तेही चालतं. काही जणी विचारतात, नातीच्या लग्नापर्यंत मी आहे का? आणि मग लग्नाची तारीख अलीकडे ओढली जाते. आयसीयूत तोंडात नळी असताना हा प्रश्न विचारता येत नाही.

एका बाबतीत तुमच्याशी वाद नाही. "हे मुंबई-पुण्याचे चोचले, आमच्या तालुक्यात काय?" केरळात कोझिकोडला १९९३ मध्ये पॅलिएटिव्ह सेवेची सुरुवात झाली आणि आज तिथे शेजारपाजारचे स्वयंसेवक घराघरांत जातात. केंद्र सरकारचा पॅलिएटिव्ह सेवेचा कार्यक्रम २०१२ पासून कागदावर आहे, आणि आपल्याकडे अजूनही माणसं मॉर्फिनच्या पट्टीसाठी एसटीने जिल्ह्याला येतात. हा राग योग्यच आहे. फक्त तो हॉस्पिसवर काढू नका, नसलेल्या हॉस्पिसवर काढा.

तुमच्यासाठी व्यवहाराचं तेवढं सांगते. भेटायला जाल तेव्हा आईलाही न्या. फाइलमधला शेवटचा स्कॅन आणि डॉक्टरांची चिठ्ठी वर ठेवा. औषधांच्या पट्ट्या पिशवीत तशाच टाकून न्या, नावं लिहीत बसू नका. विचारायचं हे: रात्री फोन कोण उचलतं, घरी येता का, आमच्या गावाजवळ मॉर्फिन कुठे मिळेल, आणि पुढे घरीच काही झालं तर दाखला कोणते डॉक्टर देतील. शेवटचा प्रश्न तोंडातून निघत नाही हे माहीत आहे. बहिणीला विचारायला सांगा किंवा चिठ्ठीवर लिहून द्या. आईची केमो चालू असेल तर ती बंद करायची अट नाही. दोन्ही एकत्र चालतं.