‘शाळकरी पोरालाही कळतं’ या प्रतिक्रियेला उत्तर

वस्तू भेगांमुळे कशा तुटतात यावरच्या माझ्या लेखाला दिलेल्या प्रतिक्रियेबद्दल आभार. पण ‘भार ताकदीपेक्षा जास्त झाला की वस्तू तुटते, हे शाळकरी पोरालाही कळतं; उगाच ग्रिफिथचं नाव टाकून लेख फुगवलाय’ हा सूर कशासाठी? तुमचा मुद्दा साध्या शब्दांतही मांडता आला असता.

तापमानाबद्दल मी लिहिलं नव्हतं, हा तुमचा आक्षेप मान्य. थंडीत काही पोलादं ठिसूळ होतात, ते लेखात यायला हवं होतं. आता तुमच्या त्या वाक्याकडे वळतो.

‘ताकदीपेक्षा जास्त’ म्हणजे कोणाची ताकद? ग्रिफिथ या इंग्लिश अभियंत्याचा, वस्तू कशा तुटतात यावरचा निबंध 1921 मध्ये छापून आला. त्यात साधारण 1 मिमी जाडीची काचेची कांडी सुमारे 170 मेगापास्कल ताणाला (ताण म्हणजे दर क्षेत्रफळावरची ओढ, मेगापास्कल हे तिचं माप) तुटली, आणि त्याच काचेचा 3 मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) आसपास जाडीचा धागा सुमारे 3400 पर्यंत टिकला. काच एकच, फरक वीसपट. यातली काचेची ‘खरी’ ताकद कोणती, हे तुमच्या त्या पोराला विचारून कळवा.

फरक पडतो तो भेगांमुळे: जाड कांडीत मोठ्या भेगा असू शकतात, बारीक धाग्यात त्यांना जागाच नसते. ओढ लावलेल्या पत्र्यात गोल भोक असेल तर त्याच्या कडेला ताण तिप्पट होतो. ओढीला आडवं, रुंदीच्या दहापट लांब लंबवर्तुळ असेल तर एकवीसपट. हे इंग्लिस नावाच्या अभियंत्याने 1913 मध्येच दाखवलं होतं. मग अतिशय अणकुचीदार ओरखड्याने प्रत्येक वस्तू नुसत्या स्पर्शाने तुटायला हवी! तशी ती तुटत नाही, कारण भेग पुढे सरकायची तर नवे पृष्ठभाग तयार व्हावे लागतात आणि त्याला ऊर्जा लागते. ती पुरवते वस्तूत साठलेली ताणाची ऊर्जा. भेग लांबेल तशी सुटणारी ऊर्जा झपाट्याने वाढते; एका लांबीनंतर ती खर्चाला पुरून उरते आणि भेग आपली आपण धावते. भेग चौपट लांब असेल तर निम्मा ताण पुरतो. तुमच्या वाक्यात भेगेची लांबी कुठे आहे, सांगा बरं?

जानेवारी 1943 मध्ये ‘स्केनेक्टडी’ हे नवंकोरं तेलवाहू जहाज धक्क्याला, शांत पाण्यात उभं असताना दुभंगलं. डेकवरचा ताण पोलादाच्या ताकदीच्या बराच खाली होता. (हो, रात्र थंड होती. तापमानाचं श्रेय तुम्हाला दिलंच आहे.)

आणि ‘पुस्तकी’ म्हणालात म्हणून सांगतो: उमेदीची वर्षं मी चाचणीच्या प्रयोगशाळेत नमुने ओढून तोडण्यात घालवली आहेत. तुटलेलं तोंड भिंगाखाली धरून भेग कुठून निघाली ते शोधणं हेच माझं काम होतं. ताकदीच्या तक्त्यातल्या आकड्याच्या निम्म्या भारालाही न पोचता तुटलेले तुकडे या हातांनी उचलले आहेत. तुम्ही किती उचललेत, माहीत नाही.

धातूचा थकवा, वेल्डिंग, संमिश्र पदार्थ हे तुमचे बाकीचे आक्षेप लेखाच्या विषयातच बसत नाहीत, त्यामुळे त्यांत शिरत नाही. प्रतिक्रिया उडवलेली नाही, उडवणारही नाही. पुढचं लिहिण्याआधी लेखाचा तिसरा परिच्छेद तेवढा वाचा. तो तुम्ही वाचलेला दिसत नाही.