हस्तकला बाजार भरवायचाय? आधी कारागीर हलवा

आपल्या भागातल्या बागेत रविवारी सकाळी हस्तकला बाजार भरवावा असं तुमच्या मनात आलं असेल, तर आधी अभिनंदन. पुण्यात रविवार सकाळचे विचार सहसा मिसळीपलीकडे जात नाहीत. फक्त एक सांभाळा: सुरुवात कारागिरांपासून करू नका, फ्लेक्सपासून करा.

फ्लेक्सवर फोटो कुणाकुणाचे हे ठरलं की निम्मं काम झालं. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढे कैक महिने कारभार प्रशासकाच्या हाती राहिला, तेव्हा तर शहरात जो तो एक तर ‘माजी’ होता नाही तर ‘भावी’. दोघांचेही फोटो एकाच मापाचे घ्या, नंतर वांधे नकोत. खाली बारीक अक्षरात ‘ग्रामीण कारागिरांच्या कलेला हक्काचं व्यासपीठ’ असं टाका. ‘ग्रामीण’ हा शब्द गाळू नका. कारागीर शहरातलाच निघाला, तर तो फेरीवाला ठरतो.

मग परवानग्या. उद्यान विभागाला हिरवळीची काळजी, अतिक्रमण विभागाला फूटपाथची, वाहतूक शाखेला पार्किंगची, पोलीस चौकीला गर्दीची, अग्निशमन दलाला मांडवाच्या कापडाची. झाडाची फांदी आडवी आली तर वृक्ष प्राधिकरण; झाडांसाठी राज्यात 1975 पासून वेगळा कायदा आहे. प्रत्येक टेबलावर तुम्हाला एकच उत्तर मिळेल: “आमची काही हरकत नाही हो, फक्त त्यांचं पत्र आणा.” आणि ‘ते’ म्हणतील, आधी यांचं आणा. हताश होऊ नका. एक फोन जावा लागतो, पत्रं मागाहून आपोआप येतात. फ्लेक्स आधी का करायचा, हे आता ध्यानात आलं असेल.

या धावपळीत 2014 चा पथविक्रेता कायदा मात्र चुकूनही वाचू नका. तो भलताच गैरसोयीचा आहे. पथविक्रेता कोण, हे सांगताना त्यात रस्ता, गल्ली, पदपथ यांच्या पंगतीला चक्क ‘सार्वजनिक उद्यान’ बसवलंय. म्हणजे बागेत टोपल्या विकणारा माणूस तुमच्या कृपेने आलेला पाहुणा नसून कायद्याने ओळखलेला विक्रेता असू शकतो. कोण कुठे बसणार, हे ठरवताना नगर पथविक्रेता समितीचं म्हणणं घ्यायचं. तिचे अध्यक्ष आयुक्त, पण किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांतही एक तृतीयांश बायका. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं वाटून होईपर्यंत आधीपासून बसणाऱ्याला उठवायचं नाही. उचललेला माल विक्रेत्याने मागितला की नाशवंत असेल तर त्याच दिवशी, नसेल तर कामाच्या दोन दिवसांत परत द्यायचा. असं सगळं अमलात आलं तर तुमचा बाजार भरवायला तुमची गरजच काय उरली?

तशी चिंता नको. मुंबईत या कायद्यासाठी विक्रेत्यांचं सर्वेक्षण झालं 2014 मध्ये आणि समितीवरच्या प्रतिनिधींसाठी मतदान झालं ऑगस्ट 2024 मध्ये. इतक्या सावकाश येवल्यात पैठणीसुद्धा विणत नाहीत.

आता सगळ्यात नाजूक काम. बागेच्या फाटकाशी एक मावशी बसलेली असेल. अंगठ्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला, शेजारी पाण्याचा डबा, त्यात बुडवून नरम केलेल्या बांबूच्या कामट्या. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता ती रोवळीचा काठ बांधत असते, हाताकडे बघतही नाही. तुमच्या फ्लेक्सवर ‘लाइव्ह डेमो’ असं छापलंय, ते नेमकं हेच. पण तुमची स्वागत कमान तिथेच उभी राहायची असल्यामुळे तिला शनिवारीच हलवावं लागेल. स्वतः काही बोलू नका, अतिक्रमणाची गाडी बोलवा. सुपं, परड्या, रोवळ्या गाडीत टाकायला पाच मिनिटंही लागत नाहीत. पंचनामा, यादी वगैरे कुणी मागितलंच तर ‘सोमवारी या’ म्हणायचं.

रविवारी आत जा आणि बघा. तशीच रोवळी, बहुधा त्याच बुरूड आळीतली, खाकी कागदाची चिठ्ठी लटकवून टेबलावर ठेवलेली असेल. आता ती रोवळी नाही, ‘सस्टेनेबल किचनवेअर’ आहे. फाटकाबाहेर दहा रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करणाऱ्या काकू इथे तिप्पट पैसे क्यूआर कोडवर मुकाट भरतात आणि वर “बाई गं, किती रीझनेबल!” म्हणतात. मावशीला हे जमलं नसतं. तिच्याकडे चिठ्ठ्या नव्हत्या.

टीका होईलच, मनावर घेऊ नका. “बागेत कसला बाजार?” असं कुणी म्हणालं, तर त्याला तुळशीबागेत सोडून या, संध्याकाळपर्यंत तो काही परत येत नाही. खर्चावरून ओरड झाली, तर मंडईचा दाखला द्या. जोतिराव फुले नगरपालिकेचे सदस्य असताना मंडईवरच्या खर्चाला त्यांचा विरोध होता. मंडई 1886 मध्ये उभी राहिलीच आणि आज तिला नाव आहे महात्मा फुले मंडई. विरोधकांची दखल घ्यावी तर अशी.

राहता राहिली मावशी. तिच्यासाठीही कायद्यात एक सोय आहे, तेवढी जाता जाता तिच्या कानावर घाला. जिथे विक्रेते 50 वर्षांहून जास्त काळ धंदा करतायत, तो बाजार वारसा म्हणून जाहीर करायचा आणि तिथल्या कुणालाही हलवायचं नाही, असं त्यात लिहिलंय. तेव्हा तिने आणि शेजारच्या कुंभारणीने नेट धरून बसावं. पुरावा मागतील, म्हणून पावत्या जपून ठेवाव्यात. सगळ्यात जुनी पावती अतिक्रमणाच्या दंडाची असेल, तरी हरकत नाही. तिच्यावर तारीख असते.