माझे पती कै. धोंडिबा

माझ्या मतदार ओळखपत्रावर माझ्या नवऱ्याचं नाव धोंडिबा आहे. धोंडिबा म्हणजे माझे वडील.

माझं नाव तुकाराम, राहणार बेळगावकडे, कर्नाटकात. नाव आधी कुणीतरी इंग्रजीत टाइप केलं आणि मग संगणकाने त्याचं कानडी केलं. इंग्रजीत त आणि ट एकाच अक्षरात राहतात, त्यामुळे कार्डावर मी 'टुकाराम' उतरलो. वडिलांचा ध वाटेत पडला, ते 'दोंडीबा' झाले. इथवर चाललं असतं. पण त्यांच्या नावाआधी 'तंदे' पाहिजे तिथे 'गंड' छापलं. कानडीत तंदे म्हणजे वडील, गंड म्हणजे नवरा. मराठीत मात्र गंड म्हटलं की न्यूनगंडच आठवतो, आणि तो मला तेव्हापासून जडलाय.

"मी कवापास्नं सांगतोय, दुरुस्त करून घ्या म्हणून," बायको म्हणाली. (आमच्याकडे बायका 'मी जातो, मी सांगतो' असंच बोलतात. पुण्याची पाहुणी पहिल्यांदा आली की दोन दिवस दचकत असते.)

मग आठ नंबरचा फॉर्म भरला. काही महिन्यांनी नवं चकचकीत कार्ड आलं. टुकाराम तसाच, गंड तसाच, फक्त लिंगाच्या रकान्यात 'हेण्णु', म्हणजे स्त्री. पुरुषाला नवरा कसा, हे कुणालातरी खटकलं असणार. नवरा हलवण्यापेक्षा बाप्याची बाई करणं सोपं पडलं. अख्ख्या बेळगावचं बेळगावी १ नोव्हेंबर २०१४ ला एका दिवसात झालं. माझ्या ट चा त अजून व्हायचाय.

७ मे २०२४, लोकसभेचं मतदान. ऊन असं, की पावसाआधीच्या कोरड्या, धूळवाफ पेरणीला काढलेली ढेकळंसुद्धा सावली शोधत होती. मी खताच्या दुकानाच्या पिशवीत घरातले फोटो असलेले सगळे कागद भरून शाळेत गेलो. रांगेत माझ्या पुढची म्हातारी नुसती मतदार चिठ्ठी घेऊन आली होती. ती ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही, म्हणून तिला आधार आणायला परत पाठवलं. ती जाताना म्हणाली, "चिठ्ठी ह्यांनीच दिल्या की गा!"

माझा नंबर आला. पहिल्या अधिकाऱ्याने यादीतला क्रमांक आणि नाव मोठ्याने वाचायचं असतं, समोर बसलेल्या पक्षांच्या एजंटांना ऐकू जावं म्हणून. गृहस्थ परतालुक्यातले, आवाज भजनी.

"टुकाराम! गंड दोंडीबा! हेण्णु!"

आणि मान वर करून त्यांनी माझ्या मिशांकडे पाहिलं. मागची रांग हसली. शाळेची घंटासुद्धा हसली असती, पण ती पितळेची.

"इदु नीवेना री?" त्यांनी कार्ड उलटंसुलटं करत विचारलं. हे तुम्हीच का? फोटोत एक घाबरलेला इसम होता. मीच होतो, पण शपथेवर सांगवेना.

किरकोळ लेखनचुका सोडून द्यायच्या, माणूस पटला म्हणजे झालं, असा नियम आहे. तो त्यांना ठाऊक होता. बाई की बुवा हे किरकोळात बसतं का, एवढंच त्यांना ठरवता येईना. मी पिशवी उपडी केली. पासबुकात बँकेचा गोल शिक्का बरोबर माझ्या तोंडावर. लायसनवर मी पंचवीस वर्षांचा, केसांसकट.

शेवटी त्यांनी एजंटांकडे पाहिलं. "यांना कोण ओळखतं?"

एजंटांत आमच्या शेजारचा बाळू होता. लहानपणी एकाच बांधावर शेळ्या राखलेला. पण गेल्या वर्षी त्याने माझा फवारणीचा पंप नेलाय, आणि मला ओळखलं की पंपही ओळखावा लागणार. तो यादीत डोकं खुपसून बसला. त्याने आक्षेप घेतला असता, पण त्याला दोन रुपये अनामत भरावी लागते. बाळू आणि दोन रुपये! मी निर्धास्त झालो.

"बाळ्या," मी म्हणालो, "पंप राहू दे."

"हां हां, आमचा तुकारामच की हा!" बाळू ताडकन उठला. "धोंडिबामामांचा थोरला. लग्नात मी वाढप्या होतो."

साहेबांनी आधारचा फोटो एकदा पाहून खूण केली. दुसऱ्या अधिकाऱ्याने माझी सही घेतली आणि डाव्या तर्जनीला शाई लावली. ही शाई आपल्याच म्हैसूरच्या कारखान्यात बनते. मी बटण दाबलं, काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसली, पडली.

बाहेर येताना बाळूपाशी थांबलो. "मग पंप कधी देतोस?"

"कुठला पंप?" बाळू म्हणाला. "साहेब, ह्या बाईंना बाहेर काढा बघू."