चाळीस हजार फुटांवर पाणी लागलं का?

जमिनीखाली काय आहे, हे आमच्या सासरी सगळ्यांना ठाऊक आहे. मामंजींना ठाऊक आहे, कारण त्यांनी आयुष्याची कमाई तिथेच घातली. आत्याबाईंना ठाऊक आहे, कारण त्या कमाईत त्यांच्या पाटल्या होत्या. बोअरच्या एजंटाला आणि तळहातावर नारळ उभा करून पाणी दाखवणाऱ्या पायाळू बाबाला तर ते ठाऊक असतंच. ठाऊक नाही ते फक्त आठवीच्या भूगोलाच्या पुस्तकाला, आणि ते शिकवायला बसवलेल्या मला.

मी अमरावतीची, दारव्हा तालुक्यात दिलेली. बी.ए. मराठी. पण बी.ए. कशात, हे गावात कोणी विचारत नाही. ‘शिकलेली हाय’ एवढं पुरतं. त्यामुळे टीव्हीचं रिचार्ज, पीक विम्याचा फॉर्म, डॉक्टरची चिठ्ठी आणि जाऊबाईंच्या पोरीचा अभ्यास, सगळं ओघानेच माझ्याकडे येतं. या खेपेला आला तो ‘पृथ्वीचे अंतरंग’ हा धडा.

“सगळ्यात वर भूकवच,” मी सुरुवात केली.

“कायी माती,” मामंजी बाजेवरून म्हणाले.

“मामंजी, हे पुस्तकातलं आहे.”

“कायी माती, मंग मुरूम, मंग मांजऱ्या, मंग काया पाषाण. मंग गेरू, आन गेरूखाली परत काया पाषाण. तुह्या पुस्तकात गेरू हाय का?”

नव्हता. आणि मामंजी हवेत बोलत नव्हते. उन्हाळ्यात आमच्या वावरात तमिळनाडूची गाडी रात्रभर घरघरत होती, तेव्हा दर पाइपागणिक निघालेली चुरी त्यांनी धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेला ढीग घालून ओळीने मांडून ठेवली होती. काळी, काळी, करडी, पांढऱ्या ठिपक्यांची, मग एकदम विटेसारखी लाल भुकटी, आणि पुन्हा काळी. पोट्टीने ते ढीग पाहिले होते. पुस्तकातली रंगीत आकृती तिच्या लेखी त्यापुढे काहीच नव्हती.

खरं सांगायचं तर त्या लाल भुकटीत पुस्तकाच्या दोन पानांइतका भूगोल होता. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा पसरला, थंड झाला, वर पुन्हा दुसरा लाव्हा आला. मधल्या उसंतीत उघड्या पडलेल्या दगडाची माती झाली आणि वरच्या तापत्या लाव्ह्याखाली ती भाजून निघाली. तोच हा गेरू. सह्याद्रीकडे या थरांची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते, आमच्याकडून पूर्वेला जावं तसे ते पातळ होतात. हे मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. मामंजी म्हणाले, “भाजून निघाला तवाच त पानी नाई.”

भूकवच खंडांखाली सरासरी ३५ किलोमीटर जाड असतं, हे वाक्य मी वाचायला नको होतं. घरातला पुरुष किलोमीटरचे फूट करतो आणि फुटाचे रुपये.

“एक लाख पंधरा हजार फूट,” पोट्टीने मोबाइलवर गुणाकार करून दिला.

“फुटाले शंभर धरले तरी एक कोटी पंधरा लाख. आन खाली गेलं का रेट वाढते.” मग जरा थांबून, “कोनी मारून पाह्यला का एवढा?”

मी सांगितलं की रशियात, कोला द्वीपकल्पावर, १९७० साली एक भोक पाडायला घेतलं आणि १९८९ पर्यंत १२,२६२ मीटर खाली गेले. म्हणजे चाळीस हजार दोनशे तीस फूट. भोक नऊ इंचांचं. खाली १८० अंश उष्णता निघाली, पुढे जाता येईना. एवढं करूनही तिथल्या भूकवचाचा जेमतेम तिसरा हिस्सा झाला, आणि पृथ्वीचं मध्य तर ६,३७१ किलोमीटरवर.

बाजेवर बराच वेळ शांतता होती. मग प्रश्न आला:

“पानी लागलं का?”

मी शोधलं. लागलं होतं! कोणाला अपेक्षाच नव्हती इतक्या खोल, दगडात कोंडलेलं.

“किती इंच?” मामंजी उठून बसले. आमच्याकडे पाणी लिटरमध्ये नाही, इंचात मोजतात. आमच्या बोअरला ते दीड इंच होतं, तेही होळीपर्यंतच.

प्रावरण, म्हणजे भूकवचाखालचा थर, आलं तेव्हा भांडणच झालं. “हा थर घन आहे, पण लाखो वर्षांच्या हिशेबात वाहतो,” असं मी म्हटलं. मामंजी म्हणाले, “घट हाय का वाह्यते? एक काय ते सांग.” मी २,९०० किलोमीटरवरच्या गाभ्याकडे पळ काढला. तिथे बाहेरचा गाभा द्रव आणि आतला घन, हे ऐकून त्यांनी तोंड फिरवलं.

“खोदलं नाई त मालूम कसं पडलं?” हा प्रश्न आत्याबाईंचा, तुरीची डाळ निवडता निवडता.

भूकंपाच्या लहरींवरून. काही लहरी द्रवातून जातच नाहीत, काही वाकतात. कुठे उमटल्या, किती उशिरा उमटल्या, यावरून आत काय आहे ते ताडायचं. १९३६ साली इंगे लेमान नावाच्या डॅनिश बाईने असंच ताडलं की द्रव गाभ्याच्या पोटात आणखी एक घन गोळा आहे. बागेत टेबल टाकून बसायची आणि भूकंपांच्या नोंदींची कार्डं ओटच्या रिकाम्या खोक्यांत लावून ठेवायची.

“म्हंजे तिचा नारय उभा झाला,” मामंजी.

“नारय नाई. डब्बे,” आत्याबाई म्हणाल्या. “डब्बे बराबर लावले का सारं सापडते. आपल्या घरी कोनी लावत नाई.” ती बाई १०४ वर्षं जगली हे सांगितल्यावर त्यांनी मान अशी डोलावली, की ते डब्यांमुळेच.

खरा स्फोट दुसऱ्या दिवशी झाला. भूपट्टांचं, म्हणजे जमिनीच्या सरकत्या तुकड्यांचं, प्रकरण त्या धड्यात नव्हतंच, पण पोट्टीने व्हिडिओ पाहिला आणि ओसरीत येऊन जाहीर केलं, “आबाजी, आपलं वावर सरकून रायलं.”

उत्तरेकडच्या शेजाऱ्याशी आमची धुऱ्यावरून दोन पिढ्यांची केस आहे. दर वखरणीला तो एक तास, म्हणजे वखराची एक ओळ, इकडे घेतो, असं मामंजींचं म्हणणं. त्यांनी पायात चपला घातल्या.

“कोनत्या बाजूनं?”

“उत्तरेकडं. वर्साले पाच सेंटिमीटर.”

वाटणी झाली १९६२ साली. पोट्टीने हिशेब केला, तीन मीटरच्या वर, म्हणजे दहा फूट. मामंजी खुलले. “म्हंजे आपला धुरा त्याच्या वावरात धा फूट आत पायजे!” शेजारी कुंपणाशीच उभा होता. “माहंही वावर सरकतेच ना, राजेहो. संगंसंगं.” शेजारी बरोबर होता. अख्खा भारतीय पट्टच सरकतो, यवतमाळसकट, कोर्टासकट.

खंड सरकतात हे आल्फ्रेड वेगेनरने १९१२ साली मांडलं, तर भल्या भल्या विद्वानांनी त्याची टर उडवली. १९३० साली तो ग्रीनलंडच्या बर्फात वारला आणि पटायला पुढे तीस-पस्तीस वर्षं लागली. मामंजींना दोन मिनिटांत पटलं. जमीन सरकते, हे तर त्यांचं कोर्टातलं म्हणणंच होतं.

“मंग धुरा हाय कुठं?” त्यांनी विचारलं. हिमालयात, मी म्हटलं. साधारण पाच कोटी वर्षांपासून आपला पट्ट उत्तरेत घुसतोय, समोरचा हटत नाही, आणि मधली जमीन चुरमडून वर उठतेय. धुऱ्याचा वाद मिटला नाही की काय होतं, हे मामंजींना समजावून सांगावं लागलं नाही.

“कडंवर भांडन, त किल्लारी काऊन झालं?” आत्याबाईंनी विचारलं. ३० सप्टेंबर १९९३. लोक गणपती बुडवून झोपले होते. ६.२ तीव्रता, दहा हजारांच्या आसपास माणसं दगडमातीच्या जड छपरांखाली गेली. हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता, कारण किल्लारी कोणत्याच पट्टाच्या कडेला नाही. उत्तरेतल्या त्या रेट्याने आतली जमीनही ताणली जाते आणि कुठेतरी जुनी, दुबळी जागा सुटते. आत्याबाईंनी डाळीचं सूप बाजूला ठेवलं. “अन् पुस्तकात हे नाई लिहलं?”

तेवढ्यात वणीचे व्याही आले. त्यांच्याकडे जमिनीतून कोळसा निघतो, त्यामुळे ते बोअरवाल्यांकडे जरा वरूनच पाहतात. तो कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना आहे, तेव्हा भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका एकाला एक चिकटून होते आणि त्या सगळ्याला जगभर आपल्या गोंडवनाचंच नाव आहे, हे सांगितल्यावर तर ते फुगलेच.

“मंग भारत त्याच्यातून वेगळा झाला?”

“झाला.”

“किती वर्सं लागले?”

“काही कोटी.”

व्याह्यांनी मामंजींच्या मांडीवर थाप मारली. “मंग आपल्या विदर्भाले अजून लय टाइम हाय, बाप्पा. नागपूर कराराले त सत्तरच वर्सं झाले!”

पोट्टीचा धडा कसाबसा संपला. पुढचा धडा आहे ‘आर्द्रता व ढग’. सोयाबीन पेरून झालंय, मृग कोरडा गेलाय, आणि मी नुसतं नाव वाचलं तर शेजारीही केस विसरून ओसरीवर येऊन बसला. “हा म्या सांगतो,” मामंजी म्हणाले. मी पुस्तक त्यांच्या हाती दिलं.