गजकर्णकाय नमः

श्रीगणेशाच्या बारा नावांत ‘कपिलो गजकर्णकः’ अशी दोन नावे लागोपाठ येतात. जुलैच्या मुसळधार पावसात, दादरच्या आमच्या इमारतीतील मीटरच्या खोलीत मांजरीची दोन पिल्ले सापडली, तेव्हा सासूबाईंनी तांबूस पिल्लाला ‘कपिल’ आणि राखाडी पिल्लाला ‘धूम्रकेतू’ अशी नावे याच यादीतून काढून दिली. यादीतले पुढचे नाव आपोआप सार्थ होईल, अशी कल्पना त्या वेळी कोणालाच नव्हती. आठव्या दिवशी कपिलच्या उजव्या कानामागे आठ आण्याएवढे टक्कल पडले आणि त्याच्या कडेने कोंडा दिसू लागला.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी खोलीतला दिवा मालवून अतिनील किरणांचा दिवा कानाजवळ धरला, तेव्हा तिथले केस अंधारात चमकणाऱ्या रेडियमच्या मूर्तीसारखे हिरवेगार उजळले. खात्री करून घेण्यासाठी थोडे केस प्रयोगशाळेत पाठवले गेले, परंतु डॉक्टरांना शंका उरली नव्हती. ही मायक्रोस्पोरम कॅनिस नावाची बुरशी होती. नावात कुत्रा असला, तरी तिचा खरा जीव मांजरांवर. धडधाकट मांजराचा हा आजार काही महिन्यांत आपोआपही बरा होतो, मात्र तोवर तो घरातल्या सर्वांना वाटून होतो, असे सांगून त्यांनी पिल्लांना वेगळ्या खोलीत ठेवण्याची आज्ञा केली. आमच्या घरात माणसे तीन आणि खोली एक. स्वयंपाकघर धरले तर दोन. अखेर पिल्लांची रवानगी न्हाणीघरात झाली आणि आमच्या आंघोळी वेळापत्रकानुसार होऊ लागल्या. संडास वेगळा होता, म्हणून संसार टिकला.

औषध पाजण्याचे काम सासूबाईंनी आपणहून घेतले. त्यांनी कुटुंबातल्या चार बाळांना गुटी चाटवलेली असल्यामुळे, ६०० ग्रॅमच्या जीवाला पंचात घट्ट गुंडाळून, सुई नसलेल्या सिरिंजने त्याच्या गालफडात औषध सोडणे त्यांना मुळीच अवघड गेले नाही. हे औषध आठवडाभर रोज द्यायचे आणि पुढचा आठवडा सुट्टी, असा क्रम होता.

खरी परीक्षा होती ती आंघोळीची. आठवड्यातून दोनदा चुना आणि गंधक यांच्या कोमट द्रावणाने पिल्लाला नखशिखान्त भिजवायचे, ते द्रावण धुऊन न काढता अंगावरच वाळू द्यायचे आणि वाळेपर्यंत त्याला ते चाटू द्यायचे नाही, हे वाचायला सोपे आहे. प्रत्यक्षात कपिल माझ्या खांद्यावर, धूम्रकेतू गीझरवर आणि द्रावण भिंतीवर, अशी वाटणी होत असे. या द्रावणाला नासक्या अंड्यांचा वास येतो. पहिल्याच दिवशी माझी चांदीची जोडवी काळी पडली आणि दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या राहिल्या.

“अहो, चातुर्मास लागलाय आणि तुमच्याकडे अंडी उकडतात की काय?”

खरे सांगावे, तर ‘गजकर्ण’ हा शब्द जिन्याने आमच्या आधी तळमजल्यावर पोचला असता. ज्यांनी जन्मात घरात अंडे येऊ दिले नाही, त्या सासूबाई क्षणभर थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “हो. डॉक्टरांनी सांगितली आहेत.”

या बुरशीचे बीजाणू गळलेल्या केसांवर वर्षभराहूनही अधिक काळ तग धरतात, त्यामुळे रोज झाडलोट, रोज पातळ केलेल्या ब्लीचने पुसणे आणि रोज धुणे आले. फिनाईल मांजरांना अपायकारक असल्याने ते बंद करावे लागले. फिनाईलच्या वासाशिवाय लादी स्वच्छ होते, हे आमच्या कामवाल्या मावशींना शेवटपर्यंत पटले नाही. धुतलेली दुपटी मुंबईच्या पावसाळ्यात वाळवण्याविषयी न लिहिलेलेच बरे.

दरम्यान नवऱ्याच्या दंडावर एक गोल चट्टा उगवला. कोणालाही न विचारता त्यांनी औषधांच्या दुकानातून आणलेल्या मलमाने खाज दोन दिवसांत थांबली आणि चट्टा मात्र बशीएवढा झाला. त्या मलमात स्टेरॉइड होते, आणि खाज दाबून बुरशीला रान मोकळे करणे हाच त्याचा गुण, असे त्वचारोगतज्ज्ञांनी त्यांना जरा चढ्या आवाजात समजावले.

पिल्लांचे लागोपाठ दोन अहवाल निर्दोष आले तेव्हा गणपती तोंडावर आले होते. त्याच आठवड्यात माझ्या मनगटावर वर्तुळ उमटले. आता माझ्यापासून पिल्लांना पुन्हा लागण होऊ शकते, म्हणून मला खोलीत कोंडण्यात आले आणि न्हाणीघर पाहुण्यांसाठी खुले झाले. दाराखालच्या फटीतून एक तांबूस पंजा आत येऊन माझी चप्पल चाचपत होता, आणि बाहेरून काकूंचा आवाज येत होता, “हल्ली वास नाही येत हो तुमच्याकडून?”

“नाही,” सासूबाई म्हणाल्या, “डॉक्टरांनी अंडी बंद केली.”