बाल्टी संस्कृती ‘पुसली गेली’ असे म्हणण्यापूर्वी

लडाखच्या सहलीवरून परतलेल्यांच्या लेखनात बाल्टी लोकांविषयी, म्हणजे नियंत्रण रेषेच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या मुस्लिम समाजाविषयी, काही विधाने पुन्हा पुन्हा भेटतात: तुर्तुक हे मूळचे पाकिस्तानी गाव, तिथले लोक शुद्ध आर्य, त्यांची बोली उर्दूचाच एक प्रकार, इस्लाम आल्यावर त्यांची जुनी संस्कृती पुसली गेली, आणि ब्रिटनमधली ‘बाल्टी करी’ ही त्यांची जगाला देणगी. यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

तुर्तुक, त्याक्शी, चालुंका आणि थांग ही श्योक खोऱ्यातली गावे डिसेंबर १९७१ च्या युद्धात भारताच्या ताब्यात आली, एवढे खरे. पण १९४७ पूर्वी लेह, कारगिल आणि स्कर्दू हे तीनही तालुके जम्मू-काश्मीर संस्थानाच्या लडाख वजारतीत, म्हणजे जिल्ह्यातच, मोडत असत. ज्या काळावरून या गावांना ‘मूळचे पाकिस्तानी’ म्हटले जाते, तो जेमतेम दोन तपांचा आहे. बहुसंख्य बाल्टी आजही नियंत्रण रेषेपलीकडे स्कर्दू, खप्लू, शिगर या भागांत राहतात, आणि अनेक कुटुंबे या रेषेने दुभंगली आहेत.

‘शुद्ध आर्य’ हे बिरुद पर्यटन व्यवसायाने दाह-हनू परिसरातल्या ब्रोक्पा लोकांना चिकटवले. ते तिथेही शंकास्पदच आहे, आणि ब्रोक्पा हा दार्दी भाषा बोलणारा वेगळा समाज आहे. करीचे म्हणाल, तर ती १९७० च्या दशकात बर्मिंगहॅममध्ये नावारूपाला आली, आणि तिच्या नावाचा उलगडा ज्या भांड्यात ती शिजते-वाढली जाते त्यावरून करणे अधिक सयुक्तिक आहे. हिंदी-उर्दूतली ही ‘बाल्टी’ आणि आपली ‘बालदी’ एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरे मानली जातात. बाल्टी घरांतला खरा आहार म्हणजे जव, कुट्टू आणि जर्दाळू.

भाषेविषयीचा गैरसमज मात्र अधिक गंभीर आहे. बाल्टी ही तिबेटी भाषाकुळातली, त्याच्या पश्चिम टोकाची भाषा आहे. फारसी, अरबी आणि उर्दूतून तिने पुष्कळ शब्द घेतले असले, तरी तिचा सांगाडा तिबेटीच आहे. इतकेच नव्हे, तर अभिजात तिबेटी लेखनात जी जोडाक्षरे दिसतात आणि ल्हासाच्या उच्चारात जी केव्हाच गळून गेली, त्यांतली अनेक बाल्टी माणूस आजही उच्चारतो: तारा म्हणजे ‘स्कर्मा’, सात म्हणजे ‘ब्दुन’. ल्हासात तारा ‘कर्मा’ होतो. तिबेटी लिपीतले शब्द ज्या जुन्या उच्चारांवरून लिहिले गेले, ते ऐकायचे तर बौद्ध ल्हासापेक्षा मुस्लिम खप्लू अधिक जवळचे ठरावे, ही गोष्ट ‘धर्म बदलला की सारे संपते’ असे मानणाऱ्यांना अडचणीची वाटेल.

इस्लाम इथे साधारण चौदाव्या-पंधराव्या शतकापासून रुजत गेला, आणि परंपरा त्याचे श्रेय सूफी संत मीर सय्यद अली हमदानी व नूरबख्शी या सूफी पंथाला देते. त्यानंतर काही हरवलेच नाही, असा दावा मी करणार नाही. तिबेटी लिपी मागे पडून फारसी वळणाची लिपी आली, ही हानी बाल्टी लोकांनाच जाणवते. म्हणूनच त्यांच्यातले काही जण जुनी लिपी पुन्हा रुजवू पाहतात. पण खप्लूच्या चकचन मशिदीची लाकडी बांधणी तिबेटी आणि काश्मिरी शैलींचे नाते उघडपणे सांगते, आणि स्कर्दूजवळच्या मंथल येथील खडकावर कोरलेला बुद्ध आजही जागेवर आहे. मुहर्रममध्ये मर्सिये, म्हणजे शोकगीते, बाल्टीत म्हटली जातात. तिबेटी जगाचा महानायक असलेल्या केसर राजाची गाथाही मुस्लिम बाल्टी कथेकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या, त्याच भाषेत, सांगितली आहे.