उरलेलं गुलाबी औषध

आज प्रतापनगरातल्या एका मेडिकल स्टोअरवर बीपीच्या गोळ्या घ्यायला उभा होतो. पुढे एक तरुण बाप, कडेवर दीडेक वर्षाची पोरगी, नाक वाहतंय. "भाऊ, मागच्या खेपेला अँटिबायोटिक दिलं होतं ना, तेच द्या." काउंटरवरच्यानं ना चिठ्ठी मागितली, ना पोरीचं वजन विचारलं. बाटली सरकवली पुढे. पोरगी मजेत बापाची कॉलर चोखत होती. ताप नाही, काही नाही.

न राहवून म्हणालो, "कायले देता राजा, साधी सर्दी आहे." तर म्हणतो, "काका, रिस्क कोण घेईल?"

डोकंच फिरलं माझं. आणि जास्त फिरलं कारण हेच वाक्य मी बोललेलो आहे.

आमच्या पोराला एका हिवाळ्यात मी अशा चार बाटल्या पाजल्या. गुलाबी पूड, खुणेपर्यंत उकळून गार केलेलं पाणी, खळखळ हलवायचं, फ्रिजच्या दारात अंड्यांशेजारी ठेवायचं. चार दिवसांत शेंबूड थांबला की मी खूश. तो तसाही थांबणारच होता.

परवा त्याच पोराच्या परदेशी कॉलेजचा फॉर्म भरताना मेनिंगोकोकसच्या लसीचा रकाना आला, म्हणून वाचत बसलो. तान्ह्या-रांगत्या लेकरांच्या नाकाघशात नायसेरिया लॅक्टॅमिका नावाचा जिवाणू बिऱ्हाड करतो. दुधातली साखर पचवतो, म्हणून हे नाव. कुणाचं वाईट करत नाही. त्याचा चुलतभाऊ मात्र मेनिंगोकोकस! मेंदूच्या आवरणाला सूज आणतो, धडधाकट माणूस एका दिवसात नेतो. दोघांची काही प्रथिनं सारखी, त्यामुळे गरीब भावाविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) दुष्ट भावालाही ओळखतात. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या डॉक्टरांनी तर कॉलेजच्या पोरांच्या नाकात लॅक्टॅमिकाचे थेंबच टाकले. 2015 साली ते छापून आलं. थेंब टाकलेल्या पोरांत घशात मेनिंगोकोकस बाळगणारे दोन आठवड्यांत 24 टक्क्यांवरून 15 च्या आसपास आले. जुने हुसकले गेले, नवे शिरेनात.

आणि आपण? शिंक आली की घशात बुलडोझर. बहुतेक सर्दी विषाणूंची, त्यांना हे औषध शिवतही नाही. मरतात ते लॅक्टॅमिकासारखे बिचारे, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

हो, ठाऊक आहे. स्ट्रेप नावाच्या जिवाणूनं घसा धरला असेल तर पेनिसिलीनसारखं औषध लागतंच, नाहीतर पुढे हृदयाच्या झडपांवर जाऊ शकतं. लसही लॅक्टॅमिकाच्या भरवशावर सोडायची नाही, पोराला टोचून घेतलीच. पण ते डॉक्टरनं तपासून ठरवायचं ना? की काउंटरवरच्यानं?

आता लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या बापाच्या खिशाला डिलिव्हरी कंपनीचा बिल्ला होता. डॉक्टरची फी, वर दोन तास रांगेत, म्हणजे दिवस बुडाला. त्याला बोलायला मी कोण? मी तर बँकेत बसून, एसीत, चार बाटल्या पाजल्या.

आणि चौथीतलं अर्धं उरलं होतं. फेकायचं कशाला म्हणून शेजारच्या पोट्ट्याला दिलं, तोही सर्दीनं बेजार होता. वजन मीही नाही विचारलं. त्याची आई आजही जिन्यात भेटली की म्हणते, "भाऊजी, तुमच्या त्या गुलाबी औषधानं एका दिवसात बरा झाला होता बघा."

मी नुसती मान हलवतो.